काढण्याच्या उलट क्रमाने बसवावे

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा आमची १९९८ सालची मारुती जिप्सी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पाणी ओसरल्यावर तिच्या कापडी टपावर गाळाची जी आडवी रेघ उमटलेली दिसली, ती माझ्या छातीच्या उंचीवर येत होती. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आणि पुढचा-मागचा ॲक्सल, सगळे काही बराच वेळ पाण्याखाली होते.

गाडी चालू होते का ते पाहण्यासाठी कोणीही सेल्फ मारायचा नाही, एवढे एकच पथ्य आम्ही त्या दिवसांत पाळले आणि पुढचे सारे काम त्याच्यावर उभे राहिले. सिलिंडरमध्ये हवा असते तेव्हा पिस्टन तिला दाबू शकतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पाणी भरलेले इंजिन सेल्फने फिरवले की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. आम्ही आधी चारही प्लग काढले आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवले. प्लगच्या भोकांतून तांबूस पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. मग चारही सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवले. बाकीची गाडी मात्र पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ॲक्सलचा निचऱ्याचा बोल्ट काढल्यावर बाहेर आले ते तेल नव्हते, दुधाच्या चहासारखे काहीतरी होते.

गाडी भंगारात द्यावी असे सुचवणारे बरेच होते. परंतु ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या आधी घेतलेली होती, आणि तिच्यासारखी दुसरी नवी आता मिळणार नव्हती. मारुतीने १९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनासह जिप्सी बाजारात आणली, १९९६ साली तिला १२९८ सीसीचे इंजिन दिले आणि २०१८ च्या अखेरीस तिची नवी मागणी घेणे थांबवले. आमची गाडी मधल्या काळातली, कार्ब्युरेटरवाली आहे. सैन्यदलाने ती वर्षानुवर्षे वापरली आणि ताडोब्यासारख्या जंगलांत पर्यटकांना फिरवणाऱ्यांनीही तिलाच पसंती दिली, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत दोन फेऱ्या मारल्यावर यादीतले बहुतेक सारे हाती आले.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही गाडी उघडली. त्याचे वर्णन येथे करत नाही, कारण मला लिहायचे आहे ते जोडणीबद्दल. दुरुस्तीच्या पुस्तकात कोणताही भाग काढण्याची कृती पान-दोन पाने भरून दिलेली असते आणि शेवटी एक ओळ असते: काढण्याच्या उलट क्रमाने बसवावे. बोल्टांच्या क्रमापुरती ती ओळ खरी आहे. परंतु सुटा भाग काढताना तो आपल्याला काहीच विचारत नाही, बसवताना मात्र प्रत्येक सांधा आपले एक माप मागतो: किती घट्ट, किती सैल, कोणत्या कोनात, आणि वजन अंगावर असताना की नसताना. ही मापे काढताना कळत नाहीत, आणि आमची जोडणी जिथे जिथे अडली तिथे तिथे याच कारणाने अडली.

पहिला अनुभव चासीपाशीच आला. बॉडी उतरवून, चासी घासून, गंजलेल्या दोन जागी पत्रा कापून नवे तुकडे वेल्डिंग केले, प्रायमर आणि रंग दिला आणि पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायला घेतले. पाट्यांच्या टोकांना रबराचे नवे बुश होते. चासी घोड्यांवर उभी होती, ॲक्सल लटकत होते, आणि अशा अवस्थेतच मी शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट पूर्ण आवळून टाकले. शेजारी राहणारे आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका संध्याकाळी आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "आत्ता आवळलास ना? मग गाडी खाली उतरवलीस की रबर पिळणार. सगळं सैल कर. चाकांवर वजन आलं की मग आवळ." त्यांचे म्हणणे मला लगेच पटले. बुशचे रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या डोळ्याला, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्याला, धरून असते. पाटा लटकत्या स्थितीत आवळला, तर गाडी उभी असतानाही ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. मी आठही बोल्ट सैल केले आणि शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले, 'पाटे बाकी'. ही नोंद पुढे चौदा महिने तशीच भिंतीवर होती.

सर्वांत जास्त दिवस पुढच्या ॲक्सलने घेतले. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना वळायचेही असते आणि फिरण्यासाठी ताकदही घ्यायची असते. जिप्सीमध्ये त्यासाठी ॲक्सलच्या प्रत्येक टोकाला एक पोकळ गोळा असतो, त्याच्यावर नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, बसतो, आणि नकल वरच्या व खालच्या अशा दोन किंगपिनांवर वळतो. किंगपिनांना निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात आणि किंगपिनच्या पाकळीखाली कागदासारखे पातळ शिम असतात. शिम काढला की बेअरिंगवर दाब वाढतो, घातला की कमी होतो. दाब कमी पडला तर रस्त्यावरचा एखादा खड्डा लागताच पुढची चाके थडथडू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. जास्त झाला तर स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. जुन्या जिप्सीच्या स्टिअरिंगबद्दल जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या चार बेअरिंगांत असते, असे माझे मत झाले आहे.

पुराचा गाळ दळलेल्या पिठासारखा बारीक होता. तो गोळ्याच्या तोंडाशी असलेल्या फेल्टमधून (धूळ अडवणाऱ्या नमद्याच्या पट्टीतून) आत शिरून ग्रीसमध्ये कालवला गेला होता, आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाच्या उभ्या रेघा उठल्या होत्या. चारही बेअरिंगे नवी घेतली. उघडताना मी उजवीकडचे वरचे, उजवीकडचे खालचे, डावीकडचे वरचे आणि डावीकडचे खालचे असे शिम चार वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवले होते आणि आत पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आता ते जसेच्या तसे परत घालायचे एवढेच काम उरले आहे, असे मी धरून चाललो होतो.

नकलवरचा दाब ताणकाट्याने मोजतात. फेल्ट आणि सील न लावता नकल नुसता किंगपिनांवर बसवायचा, चारही बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे, स्टिअरिंगचा रॉड ज्या भोकात बसतो त्यात ताणकाट्याचा आकडा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचे. नकल हलायला लागतो त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचायचे. आमच्याकडे ताणकाटा नव्हता. बाजारातल्या एका ओळखीच्या मावशींनी मासे जोखायचा आपला काटा दोन दिवसांसाठी दिला. डावीकडे पहिल्यांदा ओढले तेव्हा काटा तीन किलोंच्या पुढे गेला. खूपच घट्ट. बाटलीतले शिम मोजले तर एक कमी होता. तिसऱ्या दिवशी तो सापडला, रॉकेलच्या परातीच्या तळाशी, गाळाच्या थराखाली, पातेल्याला चिकटलेल्या करपलेल्या सायीसारखा. धुऊन, पुसून आत घातला तरीही काटा दोन किलोंवरच अडला.

उजवीकडे तर एकही शिम हरवलेला नव्हता, सगळे चिठ्ठीबरहुकूम परत घातले होते, आणि तिथे नकल बोटाने ढकलला तरी फिरत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिम जुन्या बेअरिंगच्या मापाचे होते. नवे बेअरिंग जुन्यापेक्षा केसभर जाड किंवा पातळ असले, तरी आधीचा हिशेब संपतो आणि शिमची संख्या नव्याने ठरवावी लागते. चिठ्ठ्या बरोबर असूनही उत्तर चूक होते. मग उजवीकडचा एक पातळ शिम काढून डावीकडे घातला, दोन्ही बाजू पुन्हा आवळल्या, पुन्हा ओढल्या, आणि असे करता करता दोन्हीकडे काटा दीड किलोच्या आसपास स्थिरावला. या एवढ्या कामाला पाच रविवार गेले. काटा परत देताना मावशींनी विचारले, "गाडीचं वजन केलंत का?" मी त्यांना ते सारे समजावून सांगितले आणि त्यांनी अगदी लक्षपूर्वक ऐकून घेतले.

ॲक्सलचा शाफ्ट आत सारताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. गोळ्याच्या आत एक ऑइल सील असते. डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरांच्या पेटीचे, तेल नकलच्या ग्रीसमध्ये जाऊ नये म्हणून ते असते. शाफ्ट जड असतो, आणि तो सीलवर टेकवून सरकवला तर शाफ्टच्या दात्यांनी सीलचा ओठ कापला जातो. एकाने बाहेरून शाफ्टचे वजन तोलून धरायचे आणि दुसऱ्याने दाते हळुवारपणे डिफरन्शियलमध्ये जुळवायचे. हे काम एकट्याने करू नये.

मागच्या ॲक्सलची बेअरिंगे प्रेसवर बसवून आणली. त्यात फारसे सांगण्यासारखे काही नाही. मात्र पाणी दोन्ही ॲक्सलमध्ये शिरले होते ते ब्रीदरमधूनही, म्हणजे हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांतूनही. त्यामुळे जोडणी करतानाच दोन्ही ब्रीदरना लांब रबरी नळ्या लावून त्यांची तोंडे बॉनेटखाली अगदी वरच्या बाजूला बांधून टाकली. चिपळुणात राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट पूर येण्याआधीच करायला हवी होती.

इंजिनाचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. सिलिंडरमध्ये पाण्याने गंजाचे चट्टे पडले होते, ते होनिंगने, म्हणजे आतून हलके घासून, गेले नाहीत, म्हणून बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घातले. क्रँक सरळ होता आणि चारही रॉड सरळ होते. सेल्फ न मारल्याचे फळ ते हेच. इंजिन परत आल्यावर टायमिंग बेल्ट मी घरी चढवला, खुणा जुळवल्या, आणि प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही ते पाहिले. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर सगळे जागेवर आले तरच बेल्ट बरोबर बसला असे म्हणता येते.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना मात्र पुन्हा अडलो. क्लचप्लेट जुन्या इनपुट शाफ्टच्या तुकड्याने मधोमध धरून प्रेशर प्लेट आवळली होती. इंजिन आधीच चासीवर बसले होते आणि गिअरबॉक्स जॅकवर ठोकळे ठेवून वर उचलला होता. शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत गेला, गिअरबॉक्स पुढे सरकला, आणि इंजिनाला टेकायला बोटभर अंतर राहिले असताना थांबला. ढकलून पाहिले, हलवून पाहिले, काही होईना. शेवटी लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी ओढून घ्यावे असा विचार करून मी पाना हातात घेतला.

काका शेडच्या दाराशी चहा पीत होते. ते तिथूनच म्हणाले, "बोल्टाने ओढू नकोस रे. कान तुटेल, नाहीतर प्लेट वाकेल. जायचं असेल तर हाताने जातं." त्यांनी कप ठेवला आणि ते खाली आले. जॅक अगदी थोडा खाली घेतला, गिअरबॉक्सचे शेपूट किंचित वर उचलले आणि मला सांगितले, "वरचा गिअर टाक आणि मागची फ्लँज फिरव." गिअर टाकलेला असला की मागची फ्लँज फिरवल्यावर इनपुट शाफ्टही फिरतो. मी फ्लँज जेमतेम एक दाता फिरवली असेल, आणि गिअरबॉक्स एक हलकासा 'टक्' आवाज करून आपणहून पुढे जाऊन इंजिनाला चिकटला. शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावर असलेल्या छोट्या बेअरिंगच्या तोंडाशी तिरके अडले होते, एवढेच होते. त्या जागी बोल्ट आवळला असता तर ॲल्युमिनिअमच्या हाउसिंगला तडा गेला असता. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये जीएल-४ आणि डिफरन्शियलमध्ये जीएल-५ तेल घातले. दोन्ही ठिकाणी एकच तेल घालण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण जीएल-५ मधली काही रसायने गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती थोडी मागे, चासीला तीन रबरी माउंटिंगांवर स्वतंत्रपणे टांगलेली असते, आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा, पुढे जातो, एक मागे. माउंटिंगचे बोल्ट सैल ठेवून आधी तिन्ही शाफ्ट जोडले, केस आपल्या जागी नीट लटकू दिली आणि मगच आवळली. हे बरोबर केले. चूक दुसऱ्याच गोष्टीत झाली होती, परंतु ती तेव्हा कळली नाही.

बॉडी चढवायला गल्लीतली दहा माणसे आली. गणपती उचलताना एकाने आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी एकदम उचलायचे, त्याच रीतीने ती दोन मिनिटांत चासीवर आली. वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवा थर चढला होता. तो साफ करण्यात आणि निम्मे टर्मिनल बदलण्यात पावसाळा गेला. सगळे जोडून बॅटरी लावली, किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता 'कट्' असा आवाज करून गप्प. सेल्फ खोलला, तो चांगला होता. बॅटरीही चांगली होती. दोन दिवसांनी ध्यानात आले की चासीला आणि बॉडीला मी हौसेने जाड रंग दिला होता, आणि अर्थिंगच्या पट्ट्या त्या रंगावरच आवळल्या होत्या. रंगातून वीज जात नाही. चार ठिकाणचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडला, पट्ट्या पुन्हा लावल्या, वरून ग्रीस फासले, आणि सेल्फ पहिल्याच किल्लीला फिरला. तो फिरवताना प्लग काढून ठेवले होते. तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते फिरवले आणि मगच प्लग लावून पेट्रोल दिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये जिप्सी पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलली. अण्णा खुर्ची घेऊन शेडच्या बाहेर बसले होते. ते उठून आत आले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

गाडी चाकांवर उतरवली, भिंतीवरची 'पाटे बाकी' ही नोंद पाहून आठही बोल्ट आवळले आणि महामार्गावर काढली. चाळीसपर्यंत सगळे सुरळीत होते. पन्नासच्या पुढे गेल्यावर जमिनीखालून एक घरघर सुरू झाली, ती पायाला आणि सीटला जाणवू लागली, आणि वेग कमी केला की नाहीशी होई. चाके बॅलन्स करून आणली, तरी ती गेली नाही.

प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे कोनात वळू देणारे सांधे, असतात. शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा एका क्रॉसमुळे त्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसरा क्रॉस तोच चढउतार उलटा करून भरून काढतो, पण शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकाच पातळीत असतील तरच. मध्ये दात्यांचा सरकता सांधा असतो, आणि तो उघडून एक-दोन दाते इकडेतिकडे जोडला की हा मेळ बिघडतो. उघडताना मी तिथे पांढऱ्या रंगाने खूण केली होती आणि मग शाफ्ट रॉकेलने इतका मनापासून धुतला की खूणही धुऊन निघाली. जोडताना मी दाते नजरेच्या अंदाजाने जुळवले होते. शाफ्ट पुन्हा उतरवला आणि सपाट फरशीवर ठेवून पाहिला, तर एक योक आडवा होता आणि दुसरा स्पष्ट तिरका. दोन दाते सरकवल्यावर दोन्ही एका पातळीत आले. या वेळी काकांनी छिन्नीने दोन्ही भागांवर खोल खाच मारली आणि म्हणाले, "ही रॉकेलने जाणार नाही."

घरघर पूर्ण गेली. मे महिन्यात पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरपर्यंत गेलो. घाटात एका कच्च्या फाट्यावर ट्रान्सफर केसचा लो, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त जोराचा, गिअर टाकून चढण चढवून पाहिली आणि उतरताना ब्रेकला हात न लावता इंजिनावर उतरवली. वर पोहोचल्यावर गाडीखाली शिरून पाटे ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट तपासले, त्यांपैकी दोन पाव आटा आवळले गेले. नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते. ते भरले आणि तपासणीत गाडी पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाली.

पाचशे किलोमीटरनंतर सगळी तेले बदलली. दोन्ही डिफरन्शियलमधून आलेले तेल मधाच्या रंगाचे आणि स्वच्छ होते. डाव्या नकलच्या फेल्टखाली ग्रीसची बारीक ओल दिसते आहे. बहुधा फेल्ट अजून नीट बसलेला नाही. दसऱ्यानंतर ती बाजू पुन्हा उघडीन आणि त्या वेळी ताणकाटा पुन्हा मागून आणीन.